साहेबांच्या गाडीचं दार

रविवारी लालबागला मामाकडे गेलो होतो. मामा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला. उमेदीची चार वर्षं तो एका बड्या साहेबांचा सहायक होता. बूट, बेल्ट, गोल्फची बॅग, सगळं त्याच्याकडे. साहेबांचं बाहेर 'प्रकरण' होतं. मेमसाहेब माहेरी गेल्या की संध्याकाळी चहाचे दोन कप लागायचे. विसळायचे मामानेच.

"कुणीच काही बोललं नाही?"

"बोलणार कोण रे? त्या माणसाने गाडीचं दारसुद्धा कधी स्वतःच्या हाताने उघडलं नाही."

ते दार काही डोक्यातून जाईना. आपण अशा गोष्टीला वासना म्हणून मोकळे होतो. वासना काय, आमच्या चाळीतही होती. पण चाळीत गॅलरीभर डोळे असतात, माणूस बिचकून असतो. साहेबाचं ते बिचकणंच आधी संपतं.

डेव्हिड पेट्रेयस घ्या. इराक गाजवलेला अमेरिकेचा चार स्टारचा जनरल, पुढे थेट सीआयएचा प्रमुख. नोव्हेंबर २०१२ मध्ये राजीनामा द्यावा लागला, कारण स्वतःचं चरित्र लिहिणाऱ्या बाईशीच संबंध. (चरित्र आणि चारित्र्य, एका कान्याचा आणि 'य'चा खेळ!) जगावर पाळत ठेवणाऱ्या संस्थेचा हा साहेब निरोप कसे द्यायचा? दोघांच्या एकाच जीमेल खात्यात, ड्राफ्टमध्ये लिहून ठेवून. कॉलेजची पोरं यापेक्षा हुशारीने लपवतात. वर गुप्त माहितीच्या वह्याही तिच्या हाती दिल्या. २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला. दोन वर्षं प्रोबेशन आणि एक लाख डॉलर दंड. तुरुंग नाही. साध्या शिपायाला एवढं स्वस्तात सोडलं असतं का, मला शंका आहे.

वर्दी दिसली की आपण मुंबईकरही पाघळतो म्हणा. १९५९ चं नानावटी प्रकरण आठवा. तिथे फसवला गेलेला नवरा नौदलातला कमांडर. त्याने बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या, तरी ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवला. हायकोर्टाने जन्मठेप दिली, तर शहर हळहळलं.

व्यभिचार हा आता आपल्याकडे फौजदारी गुन्हा नाही; २०१८ मध्येच कलम ४९७ गेलं. सैन्य मात्र अशा वर्तनावर कारवाई करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. मला ते पटतं. फक्त ती कारवाई वरच्या मजल्यापर्यंत चढावी.

निघताना विचारलं, "मेमसाहेबांना कळलंच नाही?"

मामा जरा थांबला. "एकदा माहेरून आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, कप ठीक से धोया करो."