मावशी, इंजिनच नाही तर खर्च कसला?

सकाळी सकाळी भाच्याचा फोन. मावशी, एक लक्झरी इलेक्ट्रिक एसयूव्ही मिळतेय, चारच वर्षं जुनी, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत, आणि इंजिनच नाही तर खर्च कसला, घेऊन टाकू का? मी म्हटलं कामात आहे, संध्याकाळी बोलते. पण दिवसभर ते एकच वाक्य डोक्यात भुणभुणत राहिलं, कारण दोन वर्षांपूर्वी अशीच जुनी गाडी घेताना मी आईला हेच ऐकवलं होतं, याच तोऱ्यात. म्हणून त्याच्याशी बोलण्याआधी इथेच लिहितेय, म्हणजे बाकीच्यांनीही वाचावं.

तर ती सकाळ. आईला स्टेशनवर सोडायचं होतं. गाडी आठ दिवस जागची हलली नव्हती पण बॅटरी 81 टक्के, आदल्या रात्रीच ॲपवर बघितलेली. बॅगा घेऊन खाली गेलो तर दारच उघडेना! या गाड्यांची हँडल दारात सपाट बसलेली असतात, किल्ली जवळ आली की बाहेर येतात, ती आलीच नाहीत. मी किल्ली दाबतेय, नवरा मोबाइल दाबतोय, आणि आई शांतपणे पुढे झाली आणि काचेवर टकटक केलं. म्हणजे आत कोणीतरी आहे आणि कडी काढणार आहे असं. शेवटी शेजाऱ्यांच्या जुन्या, खडखड करणाऱ्या पेट्रोल गाडीतून गेली ती.

गाडीच्या पोटात सहा-सातशे किलोची बॅटरी, तिला काहीही झालेलं नव्हतं. मेली होती ती छोटी, बारा व्होल्टची, साध्या गाडीत असते तीच. दारं, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर, आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारे जे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, असतात ते चालू व्हायलासुद्धा हीच लागते. त्यात गाडी उभी असली तरी नीट झोपत नाही, ॲप उघडलं की जागी होते, आणि आमच्या घरी टक्के किती राहिले हे दिवसातून दहा वेळा बघायचा छंद होता. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, आमचं घोडं ठणठणीत होतं, शिंगरू तेवढं गेलं.

बरं, बारा व्होल्टची बदलणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त खर्च निघाला. राग मला पुढच्याचा आहे.

एअर सस्पेन्शन. लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे असतात. रबर म्हातारं होतं, बारीक चीर पडते, हवा जाते. एका सकाळी बघते तर गाडी मागच्या डाव्या पायावर बसलेली, दमलेल्या बैलासारखी. सुरू केली की उठायची, म्हणून आम्ही महिनाभर दुर्लक्ष केलं, आणि तो महिनाभर बिचारा कॉम्प्रेसर ती गळकी हवा भरत राहिला आणि शेवटी तोही जळला. मग बिल हातात आलं. भाच्या, नीट वाच, गाडी निम्म्या किमतीत मिळते, तिचे पार्ट निम्म्या किमतीत मिळत नाहीत. फुगा बदलताना तुझी गाडी नव्याच्याच भावाची असते!! आणि सर्व्हिस सेंटरवाला वर विचारतो, मॅडम दुसऱ्या बाजूचाही बदलून टाकू का, तोही त्याच वयाचा आहे. तो चुकीचं बोलत नव्हता हे आणखी वाईट.

टायरचं तेच. अडीच टनांचं धूड, आणि पायाखाली सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, एका क्षणात, म्हणून टायर लवकर झिजतात. वीस-एकवीस इंची टायर, जास्त वजन पेलणारे, काहींमध्ये आवाज कमी करायला आतून फोम, ते कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. अलाइनमेंट जरा बिघडली की आतली कड खाल्ली जाते आणि बाहेरून टायर छान दिसतो. त्यात कित्येक गाड्यांत स्टेपनी नाही.

हो, ऑइल बदलायचं नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही, मान्य. ब्रेक पॅडही वर्षानुवर्षं टिकतात कारण गाडीचा वेग बहुतेक वेळा मोटरनेच कमी होतो. पण मग ब्रेक न वापरल्याने डिस्क गंजतात, हेही ऐका. कूलंट आहेच. आणि एसीचा कॉम्प्रेसर गेला तर फक्त उकडत नाही, बहुतेक गाड्यांत बॅटरी थंड करणंही त्याच्याच जिवावर असतं, त्यामुळे फास्ट चार्जिंग रांगायला लागतं.

आणि सगळे जण विचारतात फक्त एकच, बॅटरी किती टिकेल? अरे बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी देतात, क्षमता साधारण 70 टक्क्यांच्या खाली गेली तर. ती आठ वर्षं पहिल्या मालकाने गाडी घेतली तेव्हापासून मोजतात एवढं फक्त लक्षात ठेव. बाकीच्या गाडीची वॉरंटी बहुतेक वेळा तीन-चार वर्षांतच संपते, म्हणजे नेमकी तू घ्यायला जातोस तेव्हा! दगा देतो तो लक्झरीचा भाग, इलेक्ट्रिकचा नाही. फुगे, हँडल, चार्जिंगचं मोटरवालं झाकण, स्क्रीन. स्क्रीनवरून आठवलं, 2021 मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे 1,35,000 मॉडेल एस आणि एक्स परत बोलावल्या होत्या, कशासाठी, तर स्क्रीनमागची 8 जीबीची मेमरी चिप लिहून लिहून झिजत होती. एवढी मोठी गाडी, आणि झिजलं काय तर चिप.

खाली दगड लागून बॅटरीच्या कव्हरला पोचा आला तर काय होतं ते लिहीत नाही, इन्शुरन्सवाल्याला विचार, प्रीमियम एवढा का ते तोच सांगेल.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगू का, आईला ती गाडी फार आवडते. दोन-तीन तासांचा प्रवास असला की दहाव्या मिनिटाला झोपते, म्हणते आवाजच नाही, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. आणि मीही विकलेली नाही. का ते मला विचारू नका. आता फक्त किल्लीच्या आत लपलेली खरी लोखंडी चावी कुठे लावायची ते घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि मेलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीला जागं करणारा एक छोटा जंप स्टार्टर घरात असतो. गाडीत नाही, घरात. तो आधी गाडीतच ठेवला होता आम्ही, काय बोलायचं.

आत्ताच भाच्याशी बोलले. एवढं सगळं ऐकून म्हणतो, बघायला तर जाऊ. ठीक आहे, रविवारी जातेय त्याच्याबरोबर. विकणाऱ्याला निरोप दिलाय की शनिवारी रात्रीपासून गाडी हलवायची नाही, चार्जरला लावायची नाही, आम्ही यायच्या आधी सुरूही करायची नाही. रात्रीत कुठला फुगा बसला का ते कळावं म्हणून चारही चाकांवर किती बोटं जागा आहे ते मला मोजायचंय. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बॅटरीची तब्येत दाखवणारा ओबीडी डोंगल घेऊन जाणार, आधीच्या मालकाच्या अकाउंटमधून गाडी काढलीय का तेही बघणार, आमच्या वेळी काढली नव्हती आणि पंधरा दिवस आमची गाडी कुठे आहे हे आमच्याआधी त्या गृहस्थांना कळायचं.

आईही येणार म्हणतेय. म्हणे दार मी वाजवून बघते.