जुलाबात पाणी तोडा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परभणीकडच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कॉलरा जंतूनं होतच नाही, तो जंतू नदी-विहिरीत सगळीकडं असतो. जुलाब लागले की पाणी बंद करा, आतडं सुकलं की थांबतात. कांद्याचा रस द्या. टीसीएलचं (विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचं) पाणी पिऊ नका. हे वाचून आत्यानं जुलाब लागलेल्या नातवाचं पाणी तोडलं. म्हणून लिहितोय.

पाणी तोडणं जीवघेणं आहे. कॉलऱ्याचं विष आतड्याला अंगातलं पाणी आणि मीठ बाहेर टाकायला लावतं. तुम्ही पाजलं नाही तरी ते रक्तातून जातच राहतं. धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजायला लावलं, तेही नातेवाइकांच्या हातून. ३० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं! साखर आतड्यातून आत जाताना मीठ सोबत नेते, मिठामागं पाणी जातं, आणि ही वाट कॉलऱ्यातही चालू राहते. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजत राहा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर तडक दवाखाना.

जंतू सगळीकडं असतो, हे अर्धं खरं आहे, मान्य. व्हिब्रिओ कॉलरी, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूचे दोनशेवर प्रकार आहेत. मोठ्या साथी आणल्या त्या ओ१ आणि ओ१३९ या दोनच प्रकारांनी. बाकीचे भाऊबंद पाण्यात राहतात, सहसा फार तर पोट बिघडवतात. फरक विषाच्या जनुकाचा. ते जनुक जंतूला लागणारा एक विषाणू आणून देतो, हे वॉल्डर आणि मेकॅलनॉस या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं. त्याआधी १९५९ सालीच कोलकात्याच्या शंभूनाथ डे या संशोधकानं कॉलऱ्याचे जंतू ज्यात वाढवले, तो द्रव जंतू गाळून काढून सशाच्या आतड्यात सोडला होता. नुसत्या द्रवानंही आतडं पाण्यानं फुगलं, म्हणजे जंतूनं त्यात विष सोडलेलं होतं. मग जंतूचा संबंध नाही, हे कशाच्या जोरावर म्हणता?

कांद्याच्या रसानं कॉलरा बरा होत नाही.

टीसीएलला वास येतो, खरंय. पण मे महिन्यात टँकर विहिरीत रिकामा होतो आणि अख्खं गाव तेच पाणी शेंदतं, तिथं ते टाकलंच पाहिजे. पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला नाही, तर ग्रामपंचायतीला जाब विचारा.