‘निकाल आधीच ठरलेला होता’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

गेल्या रविवारी आम्ही कार्यक्रम केला: टॉप्स कंपनीच्या बेसबॉल कार्डांचं, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या कार्डांचं, कुठल्या वर्षीचं डिझाइन सगळ्यात चांगलं ते मतांनी ठरवायचं. त्याबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात. तीन दिवस उत्तर लिहितोय आणि खोडतोय. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं हे बेसबॉल कार्डांचं दुकान लहान आहे. नवं गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू बघतं आणि मगच दार उघडतं. शिवाय तुम्ही मराठीत लिहिलंय, म्हणजे आपल्या मंडळातली निम्मी माणसं ते वाचून झाली असतील. म्हणून मीही सगळ्यांसमोर मराठीतच उत्तर देतो.

आधी माफी मागतो. खुर्च्या कमी पडल्या आणि तुमच्या वडिलांना काही वेळ उभं राहावं लागलं, हे व्हायला नको होतं. पाचला संपणारा कार्यक्रम पावणेसहापर्यंत लांबला. तुमच्या मुलावर माझा आवाज चढला. या तिन्ही गोष्टींबद्दल मनापासून क्षमा मागतो.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की निकाल आधीच ठरलेला होता. दुकानात 1987 च्या कार्डांची खोकी पडून आहेत, ती खपवायला 1987 ला तिसरा नंबर दिला आणि 1971 सारखं देखणं डिझाइन नवव्या नंबरावर ढकललं. एकाही मोठ्या खेळाडूचं कार्ड दाखवलं नाही. माणशी दहा डॉलर पाण्यात गेले. दहा डॉलर परत हवे असतील तर कधीही या, काउंटरवर मिळतील. ‘ठरलेला होता’ हे मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही.

कार्यक्रम तीनला सुरू झाला. तुम्ही तिघं आलात तेव्हा पावणेचार व्हायला आले होते. रविवारी रूट 27 वर गाड्यांची काय रांग लागते ते मला माहीत आहे, दोष देत नाही. पण त्या पाऊण तासात मी जे सांगितलं ते तुमच्या कानावर पडलंच नाही, आणि तुमच्या बहुतेक तक्रारींचं उत्तर त्यातच होतं.

मोठे खेळाडू मी मुद्दाम ठेवले नव्हते. 1952 चं टॉप्सचं मिकी मँटलचं 311 नंबरचं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. ते कार्ड समोर ठेवलं की माणूस डिझाइन बघत नाही, मँटल बघतो आणि किंमत बघतो. 1968 चं नोलन रायनचं पहिलं कार्ड ठेवलं तर त्या वर्षीची गोणपाटासारखी दिसणारी चौकटसुद्धा लोकांना सुंदर वाटायला लागेल. म्हणून 1952 ते 1991 मधली सोळा वर्षं निवडली आणि प्रत्येक वर्षाचं एकेका साध्या खेळाडूचं कार्ड घेतलं, ज्याचं नाव ऐकून कुणाचे डोळे चमकणार नाहीत. डिझाइनची परीक्षा तिथेच होते. अनोळखी माणसाचं कार्ड हातात धरून ठेवावंसं वाटलं, तर ते डिझाइनचं यश.

बघायचं काय, तेही सांगितलं होतं. फोटोला जागा किती मिळाली आहे, हातभर अंतरावरून नाव आणि संघ वाचता येतो का, एकाच संघाची नऊ कार्डं शेजारी मांडली तर कशी दिसतात, आणि मागची बाजू कशी आहे. मागच्या बाजूला मी फार मान देतो. लहान मुलं खेळ तिथूनच शिकतात.

मत प्रत्येकाने चिठ्ठीवर दिलं. पाच आवडती वर्षं क्रमाने लिहायची, पहिल्याला पाच गुण, पाचव्याला एक. 26 चिठ्ठ्या आल्या, तुमच्या घरच्या धरून. मोजणी मी केली नाही, आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी सगळ्यांसमोर केली. 1965 ला 71 गुण मिळाले. खाली डाव्या कोपऱ्यात फडफडणारी संघाची पताका आहे ना, ती लांबूनही वाचता येते. 1956 ला 58. त्या आडव्या कार्डावर एकीकडे चेहरा आणि मागे खेळाचा प्रसंग, एका कार्डात दोन चित्रं. 1987 ला 44 आणि 1971 ला 14. तिसऱ्या आलेल्या 1987 ला पहिला नंबर देणारे फक्त दोघं होते, पण 17 जणांनी ते पाचात कुठेतरी घेतलं होतं. 1971 पाचात घेणारे चौघंच. त्या चिठ्ठ्या मी स्टीलच्या डब्यात घालून काउंटरखाली ठेवल्या आहेत. या आणि तुमच्या हाताने मोजा.

सव्विसात माझी चिठ्ठी नाही. मी मत दिलं नाही, कारण 1987 वर माझा जीव आहे हे मला माहीत आहे.

ते का, तेही सांगतो, कारण ‘खोकी खपवायला’ हे शब्द लागले आहेत. 1999 साली सांगलीहून इथे आलो तेव्हा पेट्रोल पंपावर रात्रपाळी करत होतो. गल्ल्याशेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटी कार्डं असत, डॉलरला दहा. त्यात बरीचशी 1987 ची, ती लाकडी चौकटीची. घरी आजोबांच्या रेडिओला तशीच चौकट होती. रात्री दोन ते चार कुणी येत नसे, तेव्हा कार्डं उलटी करून मागचे आकडे वाचायचो. क्रिकेटवाल्या माणसाला बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे धावांची सरासरी वाटते. इथे मात्र हिट्सना (चेंडू मारून बेस गाठला त्या वेळा) ॲट-बॅट्सनी (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) भागतात, आणि दहात तीन वेळा हिट करणारा उत्तम फलंदाज ठरतो, हे मला त्या कार्डांनी शिकवलं. त्याच ज्ञानावर पुढे हे दुकान उभं राहिलं.

आणि धंद्याचंच बोलायचं तर 1987 मध्ये कमाई काय? त्या वर्षी कार्डं इतकी छापली गेली की 792 कार्डांचा अख्खा संच आज कुठेही स्वस्तात मिळतो. सुटं कार्ड मी 25 सेंटला देतो. घरी जाताना प्रत्येकाला 1987 चं बंद पाकीट दिलं, कदाचित त्यावरून तुम्हाला संशय आला असेल. ती भेट होती. आतला जुना च्युइंगम मुलांना खाऊ देऊ नका, हेही दारात उभं राहून प्रत्येकाला सांगितलं. मला लबाडीच करायची असती तर मी 1971 ला पहिलं आणलं असतं. त्याच्या स्वच्छ कार्डाला चांगला भाव येतो, कारण स्वच्छ कार्ड मिळत नाही.

आणि माल पडून राहिला म्हणजे डिझाइन वाईट, असंही नसतं. ज्या 1952 च्या मालिकेसमोर आज सगळे हात जोडतात, ती टॉप्सच्या साय बर्जर आणि वुडी गेलमन यांनी ब्रुकलिनमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखली. तिच्या शेवटच्या टप्प्यातली न खपलेली कार्डं पुढे 1960 च्या सुमारास बर्जरनेच समुद्रात बुडवली, इथल्या किनाऱ्यापुढेच. मँटल त्याच टप्प्यातला.

1987 चे दोष मी लपवले नाहीत. खेळाडू कुठल्या जागी खेळतो हे पुढच्या बाजूला छापलेलंच नाही, हे मीच दाखवून दिलं. लाकडाची चौकट 1962 मध्ये आधीच येऊन गेली होती, तेही सांगितलं. 1955 चं बोमन या दुसऱ्या कंपनीचं कार्ड, टीव्हीच्या चौकटीतलं, तुम्हाला हवं होतं. मलाही फार आवडतं. पण कार्यक्रम एकाच कंपनीचा होता.

आता 1971. ते मला नावडतं असं तुम्ही लिहिलंत. साहेब, माझ्या घरी भिंतीवर फ्रेममध्ये 1971 चं थर्मन मन्सनचं कार्ड आहे, होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथे, धुळीत चाललेली झटापट, भोवती काळी चौकट. त्याच्याइतकं जिवंत कार्ड क्वचित असेल. पण मागे उलटलं तर 1970 ची एक ओळ आणि कारकिर्दीची बेरीज, बस्स. खेळाडूचा छोटा फोटो मागेही आहे, तो छान आहे, पण वर्षावर्षाचे आकडे नाहीत. त्या काळ्या कडांचं तर विचारूच नका. शाई जरा घासली की आतला पांढरा कागद दिसतो. काही लोक तिथे मार्करने काळं भरतात. माझ्याकडे विकायला येणारं प्रत्येक 1971 मी आधी दिव्याखाली तिरकं धरून कडा बघतो.

तुमच्या मुलाने कार्यक्रमातलं 1971 चंच कार्ड कव्हरमधून काढलं. त्याची चूक नाही, मूल आहे, त्याला बघायचं होतं. कार्ड बाहेर काढू नका हे सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही आला नव्हता. ‘तीन डॉलरच्या कार्डासाठी ओरडले’ असं तुम्ही लिहिलंय. कार्ड तीनच डॉलरचं आहे, खरं आहे. आता उजव्या वरच्या कोपऱ्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका आहे. चोपन्न-पंचावन्न वर्षं तो कोपरा काळा होता आणि माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत पांढरा झाला, म्हणून तोंडून ओरड निघाली. तुमच्याकडून मी त्याचे पैसे मागितले नाहीत आणि मागणारही नाही. ते कार्ड मुलासाठी बाजूला ठेवलं आहे, त्याला पाठवा.

एक गोष्ट मात्र रविवारी रात्री आवराआवर करताना लक्षात आली, आणि ती तुमच्या रिव्ह्यूत नाही तरी सांगतो. 1952 आणि 1956 ची कार्डं आकाराने मोठी, 1957 पासून आजचा आकार आला. तो फरक डोळ्यात भरू नये म्हणून सोळाही कार्डं मी सारख्याच काळ्या पुठ्ठ्यावर लावली होती. बाकी दिवे मालवले, एकच दिवा राहिला, तेव्हा 1971 कडे नजर गेली. काळ्या पुठ्ठ्यावर काळी चौकट. कडा दिसतच नव्हत्या, फोटो नुसता हवेत तरंगल्यासारखा दिसत होता. ज्या चौकटीसाठी ते डिझाइन ओळखलं जातं, तीच मी झाकून टाकली होती. त्यामुळे 1971 चे काही गुण गेले असतील. किती, ते मला सांगता येणार नाही. लबाडी नव्हती, पण चूक माझीच.

पुढच्या वेळी पुठ्ठा राखाडी असेल. खुर्च्यांचं आणि वेळेचंही बघतो, निकषांचा कागद दाराशी लावता आला तर तोही लावू. तारीख अजून ठरलेली नाही. ठरली की कळवीन. तुम्ही तिघंही या, वडिलांची खुर्ची पहिल्या रांगेत राखून ठेवतो. तीनला सुरू होईल.

आपला,
दुकानाचा मालक