पौलाने गोळ्या बंद करायला कुठे सांगितले आहे?

गेल्या रविवारी उपासनेनंतर आत्याकडे जेवायला गेलो, तेव्हा तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट फडताळात जसेच्या तसे पडलेले दिसले. नऊ दिवसांत तिने एकही गोळी घेतली नव्हती. कारण विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. त्यावर बऱ्याच जणांनी पुढे ढकललेला एक मजकूर होता, आणि त्याचा सारांश असा: येशूचा प्रेषित पौल रोमला जात असताना समुद्रात भयंकर वादळ झाले, त्याने फक्त प्रार्थना केली, माणसाच्या कोणत्याही उपायावर भरवसा ठेवला नाही, तारू सुखरूप किनाऱ्याला लागले आणि २७६ जणांपैकी एकाचाही केस वाकडा झाला नाही, वादळ येते तेच विश्वास उणा पडल्यामुळे, म्हणून आजारपणाच्या वादळात औषध घेणे म्हणजे देवावर शंका घेणे होय. संध्याकाळी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा १८० च्या पुढे गेला होता. हा मजकूर लिहिणाऱ्याने बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय एकदा तरी उघडून पाहिला असेल, असे मला वाटत नाही.

तारू सुखरूप किनाऱ्याला लागले, हे तर सरळ खोटे आहे. त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाळूत रुतून बसली, लाटांच्या माऱ्याने मागचा भाग फुटला, आणि माणसे काही पोहत, काही फळ्यांवर तर काही तारवाच्या तुकड्यांवर किनाऱ्याला पोहोचली. तारू जाईल, माणसे वाचतील, असे पौलाने आधीच सांगितले होते. विश्वास उणा म्हणून वादळ, हा दुसरा मुद्दाही फार वेळ देण्याजोगा नाही, कारण करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतःच सांगतो की आपले तारू तीनदा फुटले आणि एक रात्र व एक दिवस आपण समुद्रात काढला. हे पत्र रोमच्या प्रवासाआधीचे आहे. योना संदेष्ट्यावरचे वादळ मात्र त्याच्या आज्ञाभंगामुळे आले असे ग्रंथातच लिहिले आहे, तेवढे मी मान्य करतो. पण एका योनाचा न्याय प्रत्येक आजारी माणसाला लावायचा अधिकार या मजकूरकर्त्याला कोणी दिला?

खरा घातक मुद्दा आहे तो माणसाच्या उपायांचा. क्रेत बेटावरच्या ‘सुंदर बंदर’ नावाच्या ठिकाणी असताना उपासाचा दिवस, म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, उलटून गेला होता. भूमध्य समुद्रात त्यानंतरचा प्रवास धोक्याचा मानत. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. पौलाने तेव्हाच पुढे जाऊ नका असे बजावले, पण त्याला कैदी म्हणून नेणाऱ्या युल्य या रोमी शताधिपतीने, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याने, सुकाणूवाल्याचे आणि मालकाचे ऐकले. म्हणजे वादळ सुरू होण्याआधी विश्वासू माणसाने केलेली पहिली गोष्ट कोणती, तर हवामान पाहून सावध करणे. पुढे ईशान्येचा तुफानी वारा सुटल्यावर खलाशांनी मागे बांधलेली होडी मोठ्या कष्टाने वर घेतली, दोरखंडांनी तारू खालून आवळून बांधले, माल समुद्रात टाकला, आणि चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याचा संशय येताच बुडीद, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, टाकून पाणी मोजले. आधी वीस वाव भरले, थोडे पुढे गेल्यावर पंधरा, तेव्हा खडकावर आपटू नये म्हणून त्यांनी वरामावरून, म्हणजे तारवाच्या मागच्या भागावरून, चार नांगर सोडले. यातल्या एकाही कामाला पौलाने अविश्वास म्हटलेले नाही.

जेम्स स्मिथ या स्कॉटिश नौकाप्रेमी अभ्यासकाने १८४८ साली या प्रवासाचा बारकाईने हिशेब मांडला, तो इथे फार उपयोगी पडतो. वाऱ्याबरोबर तारू नुसते वाहू दिले असते तर ते नैर्ऋत्येला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सुर्ती नावाच्या वाळूच्या दांड्यांवर जाऊन फुटले असते. नाळ वाऱ्याकडे वळवून धरून खलाशांनी ते रेटून ठेवले, म्हणून ताशी सुमारे दीड मैल या गतीने ते क्रेतजवळच्या कौदा बेटापासून मिलितापर्यंतचे, म्हणजे आजच्या माल्टापर्यंतचे, पावणेपाचशे मैल तेरा दिवसांत वाहत आले, असे त्याचे गणित आहे. हा अध्याय लिहिणाऱ्या लूकाच्या चौदाव्या रात्रीशी ते जुळते. देवाने वाचवले असे मीही मानतो, पण त्याने वाचवले ते या खलाशांच्या हातांनी.

आणि एकतिसावे वचन पाहा. नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशी होडीतून पळून जाण्याच्या बेतात होते, तेव्हा पौल शताधिपतीला म्हणाला की हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. कोणाचाही जीव जाणार नाही हे देवदूताचे अभिवचन पौलाला आदल्या दिवसांतच मिळालेले होते, तरीही ज्यांना तारू हाकता येते ती माणसे हवीत असा त्याचा आग्रह होता. या एका वचनापुढे तो सगळा मजकूर टिकत नाही. त्याहून मौज अशी की हा अध्याय “आम्ही” असे म्हणत ज्याने लिहिला, तो परंपरेनुसार लूक आहे, आणि कलस्सैकरांच्या पत्रात त्याला प्रिय वैद्य म्हटले आहे. वैद्याने लिहिलेल्या अध्यायातून औषध बंद करण्याचा हुकूम काढणाऱ्याला काय म्हणावे?

त्या मजकुरात अर्धे सत्य आहे, हे मात्र नाइलाजाने का होईना, कबूल करायला हवे. अनेक दिवस ना सूर्य दिसला ना तारे, आणि वाचण्याची सारी आशा संपली, असे लूक स्वतः लिहितो. त्या घडीला लोकांना धीर दिला तो पौलाच्या विश्वासानेच. गालील समुद्रावर येशूनेही शिष्यांना विश्वासाबद्दल दटावले होते, पण ते भ्याल्याबद्दल, वल्ही हाती धरल्याबद्दल नव्हे. मिलितावर तिथल्या मुख्य माणसाचा, पुब्ल्याचा, बाप प्रार्थनेने बरा झाला हेही खरे. पण पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, खुद्द त्यालाच पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पौलाच्याच नावे असलेल्या पत्रात आहे.

आत्याला मी तो अध्याय मोठ्याने वाचून दाखवला. चौदा दिवस उपाशी असलेल्यांना पौल अन्न घ्या, त्यावर तुमचा बचाव आहे असे सांगतो आणि सर्वांदेखत भाकर मोडतो, तिथे तिने मला थांबवून ते वचन पुन्हा वाचायला लावले. मग तिने पुढचा अध्याय स्वतःच काढला. तिथे लिहिले आहे की एवढे मोठे अभिवचन खरे ठरल्यानंतरही ती मंडळी लगेच निघाली नाहीत. मिलिता बेटावर हिवाळा काढलेले आलेक्सांद्रियाचे दुसरे तारू होते, त्यातून ती तीन महिन्यांनी रोमकडे निघाली.