पालकांची सही

शाळेचे निरोप रात्री दहानंतरच का येतात, यावर खरं म्हणजे कुणीतरी माहितीपट काढायला पाहिजे. सुट्टी लागली त्या रात्री भांडी आवरून मी हात पुसत होते, तेवढ्यात वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. सुट्टीत विद्यार्थ्यांनी घरी टीव्हीवर रोज एक शैक्षणिक माहितीपट पाहावा, वहीत रकाने आखून नोंद करावी आणि पानाचा फोटो पाठवावा. रकाने असे : तारीख, माहितीपटाचे नाव, चॅनेलचे नाव, कालावधी, काय शिकलो, पालकांची सही. खाली पालकांच्या जोडलेल्या हातांची रांग लागली. मीपण हात जोडले. नंतर कळलं, ते हात नमस्काराचे नव्हते, शरणागतीचे होते.

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. टीव्ही एकच, तो सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत. सात ते साडेनऊ तो आत्तींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. साडेनऊनंतर मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या बातम्या. फुटबॉलचा मोसम असला की ह्यांचा. पेठेत राहून फुटबॉल बघत नाही असं सांगायची सोय नाही, लोक तब्येतीची चौकशी करतात. या सगळ्यातून पोरग्याच्या वाट्याला येतात त्या जाहिराती, आणि त्या त्याला तोंडपाठ आहेत.

मामांनी फ्री डिश घेतलेली, कारण तिला महिन्याचं काही नाही. तीवर पीएम ई-विद्या या सरकारी शिक्षणाच्या वाहिन्या लागतात, पहिली ते बारावी, इयत्तेला एक. म्हटलं, चला, सहावीची सोय झाली. पोरग्यानं अर्धा मिनिट बघितलं. पडद्यावर एक सर फळ्याकडं वळले आणि त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला मामाच्या गावाला नेतो म्हणून दवाखान्यात नेलंय. "मम्मी, ही शाळाच हाय की!"

त्याला काय सांगणार? आमच्या लहानपणी दुपारी दूरदर्शनवर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम लागायचे. 1984 च्या 15 ऑगस्टला सुरू झालेले, कॉलेजच्या पोरांसाठी, इंग्रजीत. मी तिसरीत. सकाळची शाळा करून आलो की टीव्हीपुढं मांडी घालायची आणि एक चष्मेवाले गृहस्थ रेणूंच्या रचनेवर बोलायचे ते शेवटपर्यंत बघायचं. एक अक्षर कळत नव्हतं. पण टीव्ही चालू आहे आणि आपण बघत नाही, हे त्या काळी पाप होतं.

मामांचं दुःख त्याहून जुनं आहे. 1975-76 साली एक वर्ष अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या 2400 गावांत टीव्हीवरून शिक्षण दिलं गेलं. त्यात कर्नाटक होतं, महाराष्ट्र नव्हता. "विजापूरला उपग्रह, आणि आम्हाला काय? रेडिओची खरखर!" हे ते अजून अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं सीमाप्रश्नाचं मूळ तिथंच असणार. वर्षभरानं अमेरिकेनं उपग्रह परत नेला याचा मात्र त्यांना आनंद आहे.

शेवटी असं ठरलं की आत्तींनी एक मालिका सोडायची. कुठली सोडायची याच्यावर दोन दिवस गेले. आत्तींनी जी सोडली तिच्यातली नायिका तशीही सहा महिने कोमात होती.

पहिला माहितीपट रविवारी लागला. रविवार म्हणजे तांबडा-पांढरा. ताटं घेऊन सगळे सोप्यात बसलो आणि पोरग्यानं आफ्रिका लावली. सेरेंगेटीचं गवत, दहा लाखांवर विल्डबीस्ट, पुढं मारा नदी आणि नदीत मगरी टपलेल्या. निवेदक हिंदी, खर्जातला. असला आवाज आमच्या पतसंस्थेत वसुलीला मिळाला तर एक हप्ता थकायचा नाही.

"जोतिबाच्या चैत्र यात्रेला असतीय की एवढी गर्दी," मामा म्हणाले. मग जरा विचार करून, "मगरी सोडल्या तर."

निवेदक म्हणाला, "जंगल का यह संसार..." आत्ती हळहळल्या. "बघ, त्यास्नी बी संसार हाय." तेवढ्यात एक सिंहीण गवतात दबून बसली. कळपाच्या कडेला एक पिल्लू. आत्तींच्या हातातली नळी हवेतच थांबली.

"आगं बाई! आणि ह्यो कॅमेरा घेऊन काय उभारलाय मुडदा? हाकल की तिला!"

मी समजावलं, की निसर्गात ढवळाढवळ करायची नाही असं ही मंडळी पाळतात. आत्तींना ते अजिबात पटलं नाही. सिंहीण धावली, पिल्लू पडलं. आत्तींनी डाव्या हातानं डोळ्याला पदर लावला आणि उजव्या हातानं नळी ताटात ठक ठक आपटून मगज चोखून घेतला. "बिचारं लेकरू," त्या म्हणाल्या. "रस्सा वाढ गं थोडा."

रात्री साडेदहाला वही सहीला आली. काय शिकलो : 'सिंहिणीने पिल्लाची चेष्टा केली. पिल्लू पळाले. सिंहिणीने परत चेष्टा केली. शेवटी पिल्लू मेले.' मी हादरले. एवढी क्रूर सिंहीण मी तरी बघितली नव्हती. मग लक्षात आलं, निवेदक सारखा 'शेरनी ने फिर चेष्टा की' म्हणत होता. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे सांगून खाडाखोड करून घेतली, तोवर अकरा वाजले. दुसऱ्या दिवसापासून मी कागद-पेन घेऊन बसू लागले. कणीक मळता मळता ऐकायचं, हात धुऊन लिहायचं. पोरगा पलीकडं कॉटवर लोळत, "मम्मी, लिहिलंस न्हवं?"

एक माहितीपट माहितीपट कसे काढतात याच्यावरच होता. तो बघायला नको होता. दूरवरून लांब भिंगानं चित्र घेता येतं, पण पावलांचा, चावण्याचा आवाज तेवढ्या लांबून मिळत नाही. म्हणून पुष्कळदा तो नंतर स्टुडिओत तयार करून घालतात. बर्फातल्या पावलांसाठी तर कॉर्नफ्लोअर भरलेली पिशवी दाबायची पद्धत आहे. पोरगा ताडकन उठला. स्वयंपाकघरातून माझं कॉर्नफ्लोअरचं नवं कोरं पाकीट आणून आज्जीच्या कानाशी धरलं. करकर, करकर. "आज्जी, अस्वल आलं, ऐक!" आत्तींनी डोळे मिटून मान डोलावली, "व्हय रं, अगदी बर्फच." आणि पाकीट फुटलं. पंख्याचा वेग चारवर होता. सोपा, आत्ती, रिमोट, मामांचा चष्मा, सगळीकडं उत्तर ध्रुव. रविवारचं मंचुरियन रद्द झालं. त्या दिवशी 'काय शिकलो' या रकान्यात लिहिलं होतं, 'टीव्हीवर दिसते ते ऐकू येते ते नसते,' आणि बाईंनी त्याला 'छान!' दिलं.

माहितीपटात दहा सेकंदांत उमलणाऱ्या फुलाचं मी थोडक्यात सांगते. जास्वंदीच्या कुंडीसमोर पोरगा सबंध एक तास हलला नाही, तेवढ्या वेळात माझी दोन कामं झाली. विज्ञानाचे असे उपकार विसरू नयेत.

आत्तींना खरं वेड लावलं ते पेंग्विननी. अंटार्क्टिकातला एम्परर पेंग्विन. बाई अंडं घालून समुद्रावर जाते आणि बाप्या ते अंडं पायांवर धरून, पोटाच्या कातडीखाली झाकून, दोन महिने उपाशी उभा राहतो, भर हिवाळ्यात. हे ऐकल्यावर आत्ती कितीतरी वेळ मामांकडं बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पंचावन्न वर्षांच्या संसारात काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

मामा चुळबुळले. "तिथं चहाची टपरी न्हाई, म्हणून उभारलाय."

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी चव बदलली. पाहिलेल्या प्राण्याचं आत्मवृत्त लिहा म्हणाल्या. पोरग्यानं सिंहीण निवडली आणि एकदाचं सगळं स्वतः लिहिलं. मी न वाचताच सही केली. फोटो परत आला तो लाल होऊन. 'मी सिंहीण आहे. आज मी लांब गेलो. शिकार केली. लई दमलो. मग मी जेवलो आणि झोपलो.' प्रत्येक 'लो'खाली लाल रेघ आणि शेरा : 'सिंहीण स्त्रीलिंगी आहे!'

आता यात पोराची काय चूक? आम्ही कोल्हापूरच्या बायका. लिहिताना पुस्तकी 'गेले, जेवले' लिहितो, पण तोंडानं 'मी आलो, मी जेवलो'च. त्यानं जन्मापासून ऐकलेली प्रत्येक बाई 'मी दमलो' म्हणणारी. त्याचा प्रश्न सरळ होता. "मम्मी, परवा बाई फोनवर तुला काय म्हणाल्या? 'वह्या तपासून दमलो' म्हणाल्या की न्हाई?" म्हणाल्या होत्या. पण ते शेऱ्याला उत्तर म्हणून पाठवायचं धाडस मला झालं नाही. सिंहिणीला मी घरी बसून पुणेरी केलं.

आणि मग चित्ता लागला.

नामिबियातून 17 सप्टेंबर 2022 ला आठ चित्ते विमानानं आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले, भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 मध्येच जाहीर झालं होतं, वगैरे. निवेदक नेहमीप्रमाणं खर्जात. पोरगा म्हणाला, "म्हंजे आपल्याकडं पयल्यांदाच आला."

मामांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्या घरात आत्तींची मालिका चालू असताना कुणी कधी आवाज बंद केलेला नाही, आणि तो हिंदी माणूस तर पाहुणा.

"पयल्यांदा? अरं, आपल्या कोल्हापुरात चित्ते पाळलेले होते. शाहू महाराजांच्या वक्ताला. चित्तेखाना होता. आफ्रिकेतनं आणायचे. चित्त्याच्या डोळ्यावर टोपी, बसवायचा गाडीत, आणि न्यायचा माळावर. काळवीट दिसलं की टोपी काढायची." मामांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून दाखवला. "सुटला की सुटला! माझ्या बानं बघितलंय. चित्तेवान शेजारी बसायचा, मांजर घेऊन बसल्यागत."

"वाघासारखा वरडायचा?"

"चित्ता वरडत न्हाई. मांजरागत घुरघुरतोय. ह्यो तुझा टीव्हीवाला हे सांगितला काय?"

पडद्यावर चित्ता बिनआवाजी पळत होता आणि सोप्यात मामा एकटेच बोलत होते. खासबागेचं मैदान, तिथल्या कुस्त्या, हत्ती, पुन्हा चित्ता. साडेनऊ झाले, बातम्या आल्या नि गेल्या. दूध उतू गेलं तरी मी उठले नाही. आत्ती मालिकेबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. हे मॅच बघून आले ते दारातच पायताण हातात घेऊन उभे राहिले.

पोरग्यानं त्या रात्री मला न विचारता पानभर लिहिलं. सकाळी फोटो लाल होऊन परत. 'चित्ते कोल्हापुरात?? माहितीपटात असे दाखवले आहे का? चॅनेलचे नाव व कालावधी लिहिलेला नाही. पूर्ण करून पाठवा.'

मी म्हटलं, खोडून टाकू. पोरगा रडकुंडीला आला. मामांनी खिशातून स्वतःचं शाईचं पेन काढलं, चष्मा पुसला आणि वही मांडीवर घेतली. चॅनेलचे नाव या रकान्यात सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'आज्जा.' कालावधीपाशी जरा थांबले, आत्तींकडं बघितलं आणि लिहिलं, 'अजून चालू आहे.' शेवटच्या रकान्यात लपेटदार सही ठोकली. बावीस दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडं सही मागितली नाही.