फेरीची क्रूझ केली म्हणून ती 'तरंगतं थडगं' होत नाही

कोल्हापुरातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनींनी एक फॉरवर्ड टाकलाय: "फेरीची (गाड्या-माणसं नेणाऱ्या बोटीची) क्रूझ केलेली जहाजं म्हणजे तरंगतं थडगं. गाड्यांचा मजला पोकळ, एका लाटेत उलटतात. वीस वर्षांत भंगार होतात, रंग मारून चालवतात. स्कँडिनेव्हियन स्टार अशीच जळाली. आपली मुंबई-गोव्याची अंग्रियाही नदीतली जुनी फेरीच. पोरांना पाठवू नका." पुतणी हॉटेल मॅनेजमेंट करून अशाच जहाजावर निघालीय. आता घरात तिचं जाणंच रद्द करायचं चाललंय.

पहिलं, ते पोकळ मजल्याचं. गाड्यांचा सलग मजला धोक्याचा ठरतो तो पाणी आत शिरल्यावर. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली. पाणी मजल्यावर एका अंगाला धावलं, बोट कलंडली, १९३ माणसं गेली. ती फेरी म्हणूनच चालत होती! क्रूझ करताना त्याच मजल्यावर भिंती घालून खोल्या काढतात, गाड्यांच्या दारांची गरजच उरत नाही. म्हणजे भीतीचं मूळच जातं.

उलटण्याच्या भीतीत अर्धं खरं आहे तेवढं मान्य करतो. वर खोल्या चढवल्या की जहाज डोईजड होतं. कोरियाच्या सेवोल फेरीवर अशा खोल्या वाढवल्या होत्या. त्यात माल जादा आणि जहाज स्थिर ठेवणारं तळाचं बॅलास्ट पाणी कमी. १६ एप्रिल २०१४ ला ३०४ जीव गेले. पण 'कोणी तपासत नाही' असं समजू नका. प्रवासी जहाजाचं रिकामं वजन जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासायचं, ते नोंदीपेक्षा २ टक्क्यांहून जास्त बदललं तर कलण्याची चाचणी पुन्हा घ्यायची, हे 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारातच आहे. या चाचणीत डेकवर ठरावीक वजनं एका बाजूकडून दुसरीकडे सरकवतात आणि टांगलेला लंबक किती हलला ते मोजतात.

स्कँडिनेव्हियन स्टारची गोष्ट तर साफ उलटी सांगितलीय. अमेरिकेत कॅसिनो क्रूझ करणारं जहाज १९९० च्या एप्रिलमध्ये घाईघाईने ऑस्लोच्या फेरीमार्गावर आणलं. खलाशी नवे, सराव नाही. ७ एप्रिलला आग लागली, १५९ जण गेले.

वीस वर्षांचं म्हणाल तर 'ओशन मॅजेस्टी' १९६६ ची फेरी, क्रूझ होऊन पुढे कित्येक वर्षं चालली. अंग्रिया ही जपानची 'ओगासावारा मारू', १९९७ ची. टोकियो ते चिचिजिमा बेट, सुमारे १००० किलोमीटर खुला प्रशांत महासागर. कसली नदी?

वहिनी, पोरीने सुरक्षेचा कोर्स केलाय. जॅकेट घालून पाण्यात उडी मारलीय, उलटा पडलेला तराफा सरळ करायला शिकलीय. तुम्ही एजंटकडे त्याचा आरपीएसएल (खलाशी भरती करण्याचा) परवाना क्रमांक मागा आणि तो नौवहन महासंचालनालयाच्या साइटवर जुळवून बघा. पोरं फसतात ती परवाना नसलेल्या एजंटकडे.