‘वारीला बूट नाही, भाव लागतो’ : प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, पायी वारीच्या तयारीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “वारीला बूट नाही, भाव लागतो. माझे आजोबा अनवाणी पंढरपूरला गेले. शहरात बसून वारकऱ्यांना चालायला शिकवू नका.” शिवाय सामान फार सांगितलं आणि बायांच्या अडचणींवर एक ओळ नाही, असंही म्हणालात.

मतभेदाचं काही नाही. पण ‘शहरात बसून’? माझं वावर पातूर तालुक्यात आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी अकोला, वाडेगाव, पातूर करत पुढे जाते, ती मी कळायला लागल्यापासून पाहतो. गावच्या दिंडीत स्वतः चाललो आहे. वारीत अनोळखी माणसाच्याही पाया पडतात. तुम्ही मात्र न विचारता माणसाला परका ठरवून मोकळे झालात. ही कुठली रीत?

अनवाणीचंच बोलायचं तर माझे बाबाही अनवाणीच निघाले होते. साखरेचा आजार, तळवे बधिर. परभणीच्या अलीकडे फोड फुटला, तो त्यांना कळलाच नाही. मुक्कामावर पाय धुताना सोबतच्याला रक्त दिसलं. जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. त्यांचा भाव कमी पडला, असं माझ्या तोंडावर म्हणाल? तुमच्या आजोबांच्या वेळी बराचसा रस्ता मातीचा असेल. आता ज्येष्ठातल्या उन्हात तापलेलं डांबर आहे, तेही दिवसच्या दिवस. म्हणून लिहिलं की बूट एक नंबर मोठे घ्या, चालून पाय सुजतात. कोरे घालून निघू नका, महिनाभर आधी वापरा. फोडाची कातडी सोलू नका. साखर असेल तर निघण्याआधी डॉक्टरला पाय दाखवा आणि रोज रात्री तळवे दुसऱ्याकडून बघून घ्या. यात भावाचा अपमान कुठे झाला?

सामानाचं तुमचं खरं आहे. गावोगावी पिठलं-भाकर आग्रहानं वाढतात, फराळाचा डबा नसला तरी चालतं. मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली मात्र हवीच. बायांच्या अडचणींचा तो लेख नव्हता. ज्यांना लिहायचं त्यांनी लिहावं.

बुटांची ओळ मी काढणार नाही. यंदा आमच्या दिंडीत साखरेचा आजार असलेला जो कोणी येईल, त्याच्या पाया पडून मी त्याला बूट घालायला सांगणार आहे. तुम्हाला पटो न पटो.